जीनोममधले नॉन-कोडिंग आरएनए: आरएनएफोल्डच्या हजारो हिट्समधून खरे कसे निवडायचे?

आडवा_धागा

नमस्कार. फर्मिक्यूट गटातल्या एका जीवाणूचा पूर्ण जीनोम हाताशी आहे. आकार सुमारे ४ मेगाबेस, जीसी (जी आणि सी बेसांचं प्रमाण) ३८ टक्के, प्रथिनांच्या जनुकांची नोंद झालेली. त्यातले रचनाबद्ध नॉन-कोडिंग आरएनए शोधायचे आहेत, विशेषतः रायबोस्विच (एखाद्या लहान रेणूला चिकटून जनुक चालू-बंद करणारी आरएनएची घडी) आणि जनुकांच्या पुढचे, म्हणजे प्रारंभ कोडॉनच्या आधीचे लीडर.

सध्याची पद्धत अशी: पूर्ण जीनोमवर १२० न्यूक्लिओटाइडांची विंडो, ४० ची सरक, दोन्ही स्ट्रँड. प्रत्येक विंडोची किमान मुक्त ऊर्जा (सर्वात स्थिर घडीची ऊर्जा) आरएनएफोल्ड या घडी वर्तवणाऱ्या प्रोग्रामने काढली. मग तीच विंडो साध्या पद्धतीने (एकेक बेस इकडून तिकडे) १०० वेळा शफल करून त्या ऊर्जांशी तुलना केली आणि झेड-स्कोअर (शफलांच्या सरासरीपासून किती मानक विचलनं दूर) काढला. उणे ३ च्या खालचं सगळं ठेवलं. हजारो विंडो उरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जनुकांच्या शेपटाकडे आहेत, काही थेट जनुकांच्या आत. ज्ञात टीआरएनएंपैकी मात्र बरेचसे या यादीत नाहीतच, याचं आश्चर्य वाटतं.

तीन प्रश्न आहेत. झेड-स्कोअरची रेघ कुठे मारायची, उणे ४ की उणे ५? इतर जीनोमांशी तुलना करायची तर किती घ्यायचे आणि किती लांबचे? आणि शेवटी प्रयोगशाळेत तपासायला २० उमेदवार द्यायचे आहेत, ते कशाच्या जोरावर निवडायचे?

---

शून्य_प्रारूप

रेघ खाली सरकवून फारसं हाती लागणार नाही, कारण गडबड शफलमध्येच आहे.

आरएनएच्या घडीची स्थिरता मुख्यतः एकीवर एक रचलेल्या शेजारच्या बेस-जोड्यांतून येते. टर्नर यांच्या ऊर्जा-तक्त्यात जी-सी आणि सी-जी यांचा थर सुमारे उणे ३.४ किलोकॅलरी प्रति मोल देतो, तर ए-यूवर ए-यू असा थर जेमतेम उणे ०.९. म्हणजे कोणते दोन बेस शेजारी बसलेत यावर सगळं गणित उभं आहे. साधं शफल एकेका बेसचं प्रमाण राखतं, पण शेजारजोड्यांचं प्रमाण मोडून टाकतं, आणि त्या प्रमाणात प्रत्येक जीनोमचा स्वतःचा असा कल असतो. तो कल मोडलेल्या सिक्वेन्सशी तुलना केली की मूळ सिक्वेन्स उगाचच स्थिर दिसतो. वर्कमन आणि क्रोग यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: डायन्यूक्लिओटाइड (शेजारच्या दोन बेसांचं) प्रमाण राखून शफल केलं, तर एमआरएनए यादृच्छिक सिक्वेन्सपेक्षा स्थिर असल्याचा पुरावा उरत नाही. त्यामुळे डायन्यूक्लिओटाइड राखणारं शफल वापरा. इन्फर्नल या आरएनए-मॉडेलांनी शोध घेणाऱ्या पॅकेजसोबत येणाऱ्या ईझल साधनांतल्या शफल आज्ञेत तसा पर्याय आहे, यूशफलही चालेल.

आता आकडे बघा. ४ मेगाबेस, ४० ची सरक, दोन स्ट्रँड म्हणजे साधारण २,००,००० विंडो. वितरण अगदी आदर्श सामान्य धरलं, तरी उणे ३ च्या खाली निव्वळ योगायोगाने २७० विंडो पडतील. चुकीच्या शफलमुळे सरासरी फक्त अर्ध्या मानक विचलनाने सरकली, तर हाच आकडा १,२०० च्या वर जातो. शिवाय ऊर्जांचं वितरण खरोखर सामान्य नसतं. कमी ऊर्जेकडची शेपटी जाड असते. १०० शफलांमधून काढलेलं मानक विचलन स्वतःच सुमारे ७ टक्क्यांनी डळमळतं, म्हणून उणे ३ चा स्कोअर पुन्हा काढला तर उणे २.८ ही येईल आणि उणे ३.२ ही. आणि शेजारच्या विंडो दोन तृतीयांश एकमेकींवर चढलेल्या आहेत, तेव्हा हजारो विंडो म्हणजे हजारो जागा नव्हेत. आधी एकत्र जोडून मोजा.

शफल दुरुस्त केलं तरी अपेक्षा माफक ठेवा. रिव्हास आणि एडी यांनी २००० साली हा प्रश्न मुळापासून तपासला. निष्कर्ष असा की नॉन-कोडिंग आरएनए ओळखायला एकट्या दुय्यम रचनेची स्थिरता सहसा पुरत नाही. जो इशारा दिसतो त्यातला बराचसा स्थानिक जीसी प्रमाणातून आलेला असतो. तुमचे टीआरएनए यादीत का नाहीत याचं उत्तर यातच आहे. टीआरएनएची घडी त्याच घटकांच्या शफल केलेल्या सिक्वेन्सपेक्षा फार स्थिर नसते. उत्क्रांतीने तिथे ठरावीक आकार जपलाय, कमाल स्थिरता नाही.

या नियमाला दोन ठळक अपवाद आहेत. मायक्रोआरएनएचे पूर्वगामी हेअरपिन: ते शफलपेक्षा खरोखरच बरेच स्थिर असतात (बोनेट आणि सहकारी, २००४), त्यामुळे तिथे ऊर्जा कामाची. दुसरा, एटीने भरलेले अतिउष्णताप्रेमी जीव. मिथॅनोकाल्डोकॉकस जॅनॅशी आणि पायरोकॉकस फ्युरिओसस यांत नुसती जीसीची बेटं शोधून नवे आरएनए सापडले (क्लाइन, मिसुलोविन आणि एडी, २००२), कारण उकळत्या पाण्याजवळच्या तापमानाला टिकायचं तर आरएनएच्या स्टेममध्ये (बेस जोडीने जुळलेल्या दांड्यात) जीसी लागतं, आणि उरलेला जीनोम मात्र एटीकडे झुकलेला राहू शकतो. तुमचा जीवाणू या दोन्हींत बसत नाही.

जनुकांच्या शेपटाकडचे हिट्स? ते रो-विरहित टर्मिनेटर, म्हणजे रो प्रथिनाशिवाय आरएनएचं लेखन (ट्रान्सक्रिप्शन) थांबवणारे हेअरपिन. त्यावर खाली कुणी लिहीलच.

---

जोडीबदल

वरच्याशी सहमत. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, पण तुलनेआधीची सफाई जास्त महत्त्वाची आहे. ती न करता पुढे गेलात तर यादीचा वरचा अर्धा भाग ज्ञात गोष्टींनीच भरेल.

ज्ञात आरएनए आधी झाका, म्हणजे शोधातून वगळा. आरफॅम या आरएनए कुटुंबांच्या संग्रहात आता चार हजारांहून अधिक कुटुंबं आहेत. त्यांची मॉडेलं इन्फर्नलच्या सीएमप्रेसने शोधासाठी तयार करा आणि जीनोमवर सीएमस्कॅन चालवा. त्यात 'कट-जीए' पर्याय द्या, म्हणजे प्रत्येक कुटुंबासाठी जाणकारांनी ठरवलेली सीमा लागू होते. एकच ई-मूल्य (योगायोगाने अपेक्षित हिट्सची संख्या) सगळ्यांना लावू नका. 'झेड' पर्यायात जीनोमचा आकार मेगाबेसमध्ये गुणिले २ द्यायचा, कारण दोन्ही स्ट्रँड शोधले जातात, तुमच्यासाठी ८. हा आकडा दिला नाही तर ई-मूल्यं प्रत्येक काँटिगच्या (जीनोमच्या सलग जुळलेल्या तुकड्याच्या) लांबीवरून निघतात आणि तुकड्यांतल्या जीनोमांमध्ये एकमेकांशी तुलना करता येत नाही. क्लॅनची (नात्यातल्या कुटुंबांच्या गटांची) फाइलही जोडा, नाहीतर एकाच आरआरएनए जागेवर जीवाणू, आर्किया आणि युकॅरिओट अशी तिन्ही मॉडेलं लागलेली दिसतील. टीआरएनएसाठी टीआरएनएस्कॅन-एसई जीवाणू मोडमध्ये, आरआरएनएसाठी बारनॅप. फर्मिक्यूटमध्ये टी-बॉक्स, एसएएम, ग्लायसीन, प्युरीन, एफएमएन, टीपीपी हे रायबोस्विच आणि राइबोसोमल प्रथिनांचे लीडर भरपूर असतात. ते सगळे इथेच ओळखले जातील. आणि ही तुमची धन-चाचणीही आहे. पुढची पद्धत या ज्ञात जागा (न झाकता चालवल्यावर) परत शोधून देते का, हे बघितल्याशिवाय नव्या हिट्सवर विश्वास ठेवू नका.

मग टर्मिनेटर. जीसीने भरलेलं छोटं स्टेम आणि त्याला लागून यूंची ओळ. ऊर्जा उत्तम, जतनही उत्तम, त्यामुळे प्रत्येक पद्धत यांना डोक्यावर घेते. ट्रान्सटर्म-एचपी चालवून खुणा करून ठेवा. पण पुसून टाकू नका! जनुकाच्या *आधी*, म्हणजे प्रमोटर आणि प्रारंभ कोडॉन यांच्या मध्ये पडलेला टर्मिनेटर ही रायबोस्विच किंवा अॅटेन्युएटरची (लेखन अर्ध्यात थांबवणाऱ्या लीडरची) सर्वात चांगली खूण आहे. शेपटाकडचे गाळायचे, डोक्याकडचे जपायचे.

उलटे पुनरावृत्त भागही झाका: इन्सर्शन सिक्वेन्सची टोकं, क्रिस्परची रांग, जीनोमभर विखुरलेले छोटे पॅलिंड्रोम. एकाच जीनोममध्ये दहा-वीस ठिकाणी जवळपास जसाच्या तसा सापडणारा हिट हा बहुधा फिरता डीएनए असतो.

आता जीनोमची निवड. आधी शोध इंटरजेनिक (जनुकांच्या मधल्या) भागापुरता आवळा. जीवाणूंच्या जीनोमचा ८५ ते ९० टक्के भाग प्रथिनांसाठी असतो, म्हणजे तुमच्याकडे ५०० किलोबेसच्या आसपास उरेल आणि विंडोंची संख्या साधारण आठपटीने घटेल. जनुकांच्या नोंदीत प्रारंभ कोडॉन बऱ्याचदा चुकीचा धरलेला असतो, म्हणून इंटरजेनिक भागाच्या दोन्ही बाजूंना ५० न्यूक्लिओटाइड जास्त घ्या. अलाइनमेंटमध्ये (वेगवेगळ्या जीनोमांतली तीच जागा एकाखाली एक मांडलेली) सिक्वेन्सांची परस्पर समानता साधारण ६५ ते ९० टक्के असावी. एकाच प्रजातीचे स्ट्रेन नकोत. त्याच वंशातल्या वेगवेगळ्या प्रजाती आणि शेजारचे एकदोन वंश घ्या. ५० ते ६० टक्क्यांखाली नुसत्या सिक्वेन्सवर केलेली अलाइनमेंट स्टेमच्या दोन बाजू एकमेकींसमोर आणू शकत नाही, आणि मग खरी रचनाही हरवते.

त्यावर आरएनएझेड, म्हणजे अलाइनमेंटमधून स्थिर आणि जपलेली घडी हेरणारा प्रोग्राम (वॉशीटल, होफॅकर आणि श्टाडलर यांचं २००५ चं काम; २०१० ची दुसरी आवृत्ती वापरा). सोबतची विंडो स्क्रिप्ट लांब अलाइनमेंटचे तुकडे पाडते, फार गॅप असलेले सिक्वेन्स काढते आणि सरासरी समानता ८० टक्क्यांजवळ राहील असे जास्तीत जास्त सहा सिक्वेन्स निवडते. १२० ची विंडो आणि ४० ची सरक इथेही चालेल. डायन्यूक्लिओटाइड पर्याय चालू करा. दोन्ही स्ट्रँड तपासा, आणि चढलेल्या विंडो क्लस्टर स्क्रिप्टने एकत्र करा.

---

आडवा_धागा

दोघांचेही आभार. ज्ञात आरएनए आणि टर्मिनेटर झाकले. तयार अलाइनमेंट होती ती त्याच प्रजातीच्या पाच स्ट्रेनची, समानता ९८ टक्के. आरएनएझेडने बऱ्याच विंडोंना ०.९ हून जास्त संभाव्यता दिली, रचना-जतन निर्देशांक सगळीकडे १ च्या जवळ. हे चांगलं लक्षण नाही का? ०.९ म्हणजे दहातले नऊ खरे असं धरायचं का?

---

शून्य_प्रारूप

दोन्हींचं उत्तर नाही.

रचना-जतन निर्देशांक म्हणजे सगळ्यांची मिळून एक घडी पाडल्यावर येणारी ऊर्जा भागिले प्रत्येकाची स्वतंत्र घडी पाडून काढलेली सरासरी ऊर्जा. पाचही सिक्वेन्स जवळपास एकच असतील तर वरचा आणि खालचा आकडा सारखाच येणार, भागाकार १. कुठलाही कचरा द्या, १ येईल. जिथे बदलच झालेले नाहीत तिथे बदलूनही रचना टिकली का, हा प्रश्नच विचारता येत नाही. अशा वेळी आरएनएझेडच्या हातात फक्त झेड-स्कोअर उरतो, म्हणजे तुम्ही फिरून पहिल्या पायरीवर आलात.

०.९ बद्दल. ही वर्गीकरण करणाऱ्या यंत्राची संभाव्यता आहे, आणि ते यंत्र शिकवलंय खऱ्या-खोट्याच्या साधारण बरोबरीच्या नमुन्यांवर. जीनोममध्ये प्रमाण तसं नसतं. समजा तुमच्याकडे १२,००० विंडो आहेत, त्यांतल्या २०० खऱ्या, आणि पद्धत खऱ्यांपैकी ८० टक्के पकडते व खोट्यांपैकी फक्त १ टक्का चुकून पकडते. हाती लागतील १६० खऱ्या आणि ११८ खोट्या, म्हणजे यादीतले ४२ टक्के खोटे, तेही पद्धत इतकी चांगली असताना. मानवी जीनोमच्या १ टक्का भागावर एनकोड प्रकल्पात २००७ साली आरएनएझेड आणि तशाच कामाचा इव्होफोल्ड चालवले, तेव्हा खोट्यांचा अंदाज ५० ते ७० टक्के निघाला होता.

म्हणून खोट्यांचं प्रमाण स्वतःच्या डेटावर मोजा. अलाइनमेंटचे कॉलम शफल करून (गॅपची रचना आणि जतनाची पातळी राखून) तीच पूर्ण प्रक्रिया पुन्हा चालवायची. शफल केलेल्यात किती हिट्स येतात ते मूळ हिट्सच्या संख्येने भागायचं. आरएनएझेडच्या सोबत त्यासाठी स्क्रिप्ट आहे, पण ती शेजारजोड्या मोडते, त्यामुळे खोट्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. सिसीझेड त्यापेक्षा बरं: ते वंशवृक्ष आणि डायन्यूक्लिओटाइड प्रमाण दोन्ही राखून कृत्रिम अलाइनमेंट तयार करतं. दोन्ही आकडे काढा आणि जो वाईट असेल तो लिहा.

---

जोडीबदल

खरा पुरावा एकच: सहबदल. स्टेममध्ये एका बाजूचा जी बदलून ए झाला आणि समोरचा सी बदलून यू झाला, म्हणजे अक्षरं बदलली पण जोडी टिकली. असे बदल वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे, वारंवार दिसले तर ती घडी पेशीला लागते असं म्हणता येतं. जी-सीचं जी-यू होणं हा अर्धा बदल. त्याचं वजन कमी धरा.

पण नुसते सहबदल डोळ्यांनी मोजण्यात एक खड्डा आहे. वंशवृक्षाच्या मुळाशी एकाच फांदीवर दोन बदल योगायोगाने झाले, आणि त्या फांदीखालचे ५० सिक्वेन्स तुमच्या अलाइनमेंटमध्ये असले, तर ५० सहबदल झाल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात घटना एकच. आर-स्केप (रिव्हास, क्लेमेंट्स आणि एडी, २०१७) हेच वेगळं काढतं: अलाइनमेंटवरून वृक्ष बांधतं, त्या वृक्षावर जोड्यांचं कुठलंही बंधन नसलेल्या कृत्रिम अलाइनमेंट उगवतं, आणि त्यांच्याशी तुलना करून प्रत्येक कॉलम-जोडीला ई-मूल्य देतं. नेहमीची सीमा ०.०५. याच पेपरमध्ये हॉटएअर, एसआरए आणि एक्सआयएसटीचा रेप-ए भाग या लांब नॉन-कोडिंग आरएनएंच्या मांडलेल्या रचनांना सांख्यिकीय आधार देणारा सहबदल सापडला नाही, आणि त्यावरून बराच वाद झाला.

आर-स्केप वापरताना फाइल स्टॉकहोम फॉरमॅटमध्ये हवी. प्रस्तावित घडी एकमत-रचनेच्या ओळीत द्या आणि दोन-संच चाचणी चालवा, म्हणजे स्टेममधल्या जोड्या आणि उरलेल्या सगळ्या जोड्या वेगवेगळ्या तपासल्या जातात. त्यातली पॉवरची फाइल जरूर वाचा. बहुतेक लोक ती उघडतच नाहीत. अलाइनमेंटमध्ये जितके बदल झालेत त्यावरून किती जोड्यांत सहबदल दिसायला हवा होता, याचा अंदाज तिथे असतो. अपेक्षा ८ ची आणि दिसला ०, तर घडी नाही असं म्हणायला जागा आहे. अपेक्षाच ०.५ ची आणि दिसला ०, तर काहीच सिद्ध होत नाही. आणखी सिक्वेन्स आणा. तुमच्या पाच स्ट्रेनची गत अशीच होईल.

सिक्वेन्स आणायची रीत: एका उमेदवाराची पाच-सहा सिक्वेन्सांची अलाइनमेंट घ्या, सीएमबिल्डने मॉडेल, सीएमकॅलिब्रेटने कॅलिब्रेशन, सीएमसर्चने मोठ्या जीनोम-संग्रहात शोध. मिळालेले चांगले हिट्स अलाइनमेंटमध्ये घालून पुन्हा तेच. कॅलिब्रेशनला लांब मॉडेलसाठी तास लागू शकतात. त्याच आज्ञेला आधी वेळेचा अंदाज विचारता येतो. प्रत्येक फेरीत नवे हिट्स डोळ्यांखालून घाला. एक फिरता घटक आत शिरला की पुढच्या फेरीत त्याचे शेकडो भाऊबंद येतात आणि मॉडेल कायमचं वाहवत जातं. ई-मूल्य ०.०१ ते १० च्या मधले हिट्स टाकून न देता बाजूला ठेवा. त्यांच्यापैकी जे त्याच प्रकारच्या जनुकाच्या पुढे बसलेत ते सहसा खरे असतात.

सिक्वेन्स फार लांबचे असतील तर लोकारना किंवा सीएमफाइंडर. सीएमफाइंडर अलाइनमेंट आणि घडी एकत्रच शोधतं. वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने २००७ मध्ये २२, २०१० मध्ये १०४ आणि २०१७ मध्ये २२४ उमेदवार रचना मांडल्या. त्यांची हुशारी इनपुटच्या निवडीत होती. पूर्ण जीनोम न देता, वेगवेगळ्या प्रजातींत एकाच कुटुंबातल्या जनुकाच्या पुढे येणारे इंटरजेनिक भाग गोळा करून द्यायचे. रायबोस्विच शोधायचे असतील तर मी इथूनच सुरुवात करेन, आरएनएझेड नंतर.

---

उलट_सुलट

@जोडीबदल, एक भर हवी. घडी धरून केलेली अलाइनमेंट स्वतःच सहबदल *घडवते*. लोकारना, सीएमअलाइन, सीएमफाइंडर यांचं कामच असं की जोड्या जुळतील तिकडे गॅप सरकवायचे. कमी समानतेच्या कचऱ्यावर हे चालवा आणि मग आर-स्केपकडे न्या, ते बिचारं समोर आलेली अलाइनमेंट खरी मानूनच चालतं. पडताळा सोपा आहे: तेच सिक्वेन्स घडीकडे न बघणाऱ्या साधनाने, उदा. मॅफ्टने, पुन्हा अलाइन करा. काही सहबदल कमी होतील, ते ठीक. पण सगळेच नाहीसे झाले आणि स्टेमच्या आत गॅपच गॅप दिसत असतील, तर उमेदवार खाली ढकला.

दुसरा फसवा प्रकार डीएनए पातळीवरचा. रेप्रेसर प्रथिनं जोडीने बसतात आणि त्यांची जागा पॅलिंड्रोम असते. लांबच्या प्रजातींत ती जागा बदलते तेव्हा दोन्ही अर्धे मिळून बदलतात, म्हणजे अस्सल सहबदल, पण आरएनएचा संबंध नाही. ओळखायचं कसं? स्टेम छोटं, एकच. प्रमोटरला चिकटून किंवा त्याच्या अंगावर. जी-यू जोड्या जवळपास नाहीत, कारण डीएनएला त्यांचं काही सोयरसुतक नाही. अनेक स्टेम, त्यांच्यामधला फाटा आणि लूपमध्ये जतन झालेली अक्षरं असतील तर मात्र आरएनए म्हणायला हरकत नाही.

तिसरा, छोटे अनोळखी ओआरएफ, म्हणजे प्रथिनाचा संकेत असू शकणारे पट्टे. नोंदीत नसलेलं ४० अमिनो आम्लांचं प्रथिनही छान जतन झालेलं दिसतं. प्रत्येक उमेदवार आरएनएकोड या प्रथिन-संकेत ओळखणाऱ्या साधनातून काढा. बदल दर तिसऱ्या अक्षरावर पडत असतील तर उत्तर मिळालं.

---

आडवा_धागा

डीएनए पॅलिंड्रोमचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. आता तिसरा प्रश्न: २० ची निवड. आणि आणखी एक, स्ट्रँड कसा ठरवायचा? बऱ्याच जागा दोन्ही स्ट्रँडवर हिट देतात.

---

उलट_सुलट

स्ट्रँडचं: स्टेमचा उलट-पूरकही स्टेमच असतो, म्हणून दोन्हीकडे हिट येतो. फरक फक्त जी-यूंचा. खऱ्या स्ट्रँडवर जी-यू दिसतात, उलट्या स्ट्रँडवर त्याच जागी ए-सी येतात आणि जोडी तुटते. अलाइनमेंटमध्ये कुठल्या बाजूने जी-यू जास्त आणि ए-सी कमी ते मोजा. जी-यू अगदीच नसतील तर घडीवरून स्ट्रँड ठरत नाही. शेजारच्या जनुकाची दिशा, प्रमोटर आणि टर्मिनेटरची यू-ओळ कुठल्या टोकाला आहे ते बघा.

---

ओला_बाक

वीस जणांच्या यादीत क्रमवारी संभाव्यतेच्या आकड्यावर लावू नका. माझा क्रम असा: आधी सहबदल असलेल्या जोड्यांची संख्या, मग जनुकांचा संदर्भ, मग आरएनए-सीक्वेन्सिंग. ऊर्जा सर्वात शेवटी.

जनुकांचा संदर्भ म्हणजे, तीच घडी वेगवेगळ्या प्रजातींत एकाच कामाच्या, पण एकमेकांशी नातं नसलेल्या जनुकांपुढे दिसते का. एका प्रजातीत वाहक प्रथिनापुढे, दुसऱ्या प्रजातीत तोच पदार्थ बनवणाऱ्या एन्झाइमपुढे: असं दिसलं की ती जागा कशाला तरी प्रतिसाद देतेय आणि तो पदार्थ कोणता याचाही अंदाज येतो. हा अंदाज लगेच लागतोच असं नाही. वायकेकेसी नावाची रचना २००४ मध्ये नोंदवली गेली आणि तिचा लिगंड (तिला चिकटणारा रेणू) ग्वानिडीन आहे हे कळायला २०१७ उजाडलं. त्यामुळे लिगंड सुचत नाही म्हणून उमेदवार कापू नका, फक्त पहिल्या पाचात ठेवू नका.

आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये एकच गोष्ट काटेकोरपणे बघा: लेखनाची सुरुवात नेमकी कुठे. पाच-प्राइम टोक पहिल्या स्टेमच्या मधोमध पडत असेल तर ती घडी पेशीत बनूच शकत नाही, मग सहबदल कितीही देखणा असो. साधी लायब्ररी टोकं कुरतडते. टोकांसाठी विशेष पद्धत हवी, म्हणजे प्राथमिक टोकं वेगळी काढणारं डिफरन्शियल सीक्वेन्सिंग, आणि तीन-प्राइम टोकांसाठी टर्म-सीक. अकाली थांबलेलं लहान लेखन आणि पूर्ण लांबीचं लेखन, दोन्ही एकाच सुरुवातीपासून दिसणं हे लीडरसाठी फार आशादायक. उलट, वाढीच्या एकाच अवस्थेत लेखन दिसलं नाही म्हणून बाद करू नका. रायबोस्विचमागचं जनुक गरज नसताना बंदच असणार.

पहिला प्रयोग इन-लाइन प्रोबिंगचा ठेवा: टोकाला खूण केलेला आरएनए, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.३, २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ४० तास. लवचिक जागा आपोआप तुटतात, स्टेम टिकतात. संशयित लिगंड घातलेली आणि न घातलेली नळी शेजारी चालवा. पेशीतली घडी बघायची तर डीएमएस (डायमिथाइल सल्फेट). तो न जुळलेले ए आणि सी पकडतो. आरएनए बनवताना उमेदवाराच्या सीमेपलीकडे दोन्हीकडे २०-३० न्यूक्लिओटाइड जास्त ठेवून एक आणि अगदी सीमेवर कापून एक, असे दोन तुकडे करा. संगणकाने दिलेली सीमा विंडोच्या कडेवरून आलेली असते, जीवशास्त्रावरून नाही, आणि तळाचं स्टेम कापलं गेल्यामुळे चांगले उमेदवार वाया जातात.

पक्कं करायला म्यूटेशन: स्टेमची एक बाजू बदलून घडी मोडा, दुसरी बाजू एकटी बदलून मोडा, मग दोन्ही बदलून जोडी परत जुळवा. परिणाम पहिल्या दोन्हींत गेला आणि तिसऱ्यात परत आला, तर घडीचंच काम. सहबदल आधीच दिसलेल्या जोड्या यासाठी निवडू नका. तिथे निसर्गाने प्रयोग केलेला आहे. ज्या स्टेमला आधार कमी आहे तिथे हा खर्च करा.

आणि एक मर्यादा धरून चाला. या सगळ्यातून फक्त रचना जपलेले आरएनए सापडतील. लक्ष्य एमआरएनएशी थेट जुळून काम करणाऱ्या कित्येक लहान आरएनएंमध्ये टर्मिनेटर सोडला तर जपलेली घडी फारशी नसते. ते हवे असतील तर सीक्वेन्सिंगमधूनच शोधायचे.

---

आडवा_धागा

उत्तम. म्हणजे कामाचा क्रम असा दिसतो: त्याच वंशातल्या इतर प्रजातींचे जीनोम उतरवून घेणं, समगुण (एकाच कुटुंबातल्या) जनुकांपुढचे इंटरजेनिक भाग गटागटाने गोळा करणं, सीएमफाइंडर, त्यानंतर आर-स्केप आणि मॅफ्टचा पडताळा. एका गटात किती भाग असावेत? आणि भागाची लांबी किती धरायची?

---

जोडीबदल

५ च्या खाली नको, सहबदल दिसायला जागाच राहत नाही. ५० च्या वर गेलात तर वेळ वाढतो. आधी ९० टक्क्यांहून जास्त समान असलेले एकत्र करून एकेकच प्रतिनिधी ठेवा. लांबी: प्रारंभ कोडॉनपासून मागे जास्तीत जास्त ५०० किंवा आधीचं जनुक लागेपर्यंत, जे आधी येईल ते. ऑपेरॉनमधल्या (एकत्र लेखन होणाऱ्या जनुकांच्या रांगेतल्या) आतल्या जनुकांपुढचे ५० हून लहान तुकडे वगळा. पण ऑपेरॉनच्या *पहिल्या* जनुकापुढचा भाग त्यातल्या सगळ्या जनुकांच्या गटांत घाला, कारण लीडर तिथे असतो आणि ज्याच्यामुळे गट बनलाय ते जनुक तिसरं-चौथं असू शकतं.

पहिला गट ज्ञात रायबोस्विचचा घ्या, उदा. प्युरीन किंवा एसएएम, त्याचा झाकलेला भाग उघडून. तो परत सापडला नाही तर पुढच्या गटांकडे जाऊ नका. बहुधा स्ट्रँड उलटा घेतलेला असतो किंवा प्रारंभ कोडॉनच्या नोंदी चुकलेल्या असतात.